शेरास सव्वाशेर

‘शेरास सव्वाशेर’ ही म्हण आखाड्यापेक्षा रुग्णालयातच अधिक खरी ठरावी, ही काही हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट नव्हे. १९२८ साली फ्लेमिंगला पेनिसिलिन सापडले. १९५५ पासून ते आपल्या पिंपरीतही तयार होऊ लागले. जंतूंचा आता निकाल लागला, असे लोकांना वाटले. पण काही जंतू पेनिसिलिनचे तुकडे करणारे द्रव्यच अंगी बाळगून होते! त्यांच्यासाठी १९६० च्या सुमारास मेथिसिलिन आले. त्यालाही दाद न देणारे जंतू १९६१ सालीच इंग्लंडात नोंदले गेले.

यात जंतूंची हुशारी ती कसली? औषधाने दुबळे मरतात, चिवट तेवढे उरतात आणि त्यांचाच वंश वाढतो. शिवाय ही विद्या ते शेजारच्या जंतूंनाही देतात, तीही गुरुदक्षिणा न घेता! रुग्णालयात तर औषधांचा सतत मारा, रोगी अशक्त, जखमा उघड्या. आणि एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाणारे न धुतलेले हात हे जंतूंचे वाहन. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ साली जगात साडेबारा लाखांहून अधिक माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतात, हे फ्लेमिंगने १९४५ सालीच नोबेल व्याख्यानात बजावले होते. आणि आपण? साध्या पडशालाही, जिथे या औषधांचा काडीचा उपयोग नाही, तिथे त्याच गोळ्या मागतो!

तेव्हा वाचकहो, ‘हे औषध हवेच का?’ असे डॉक्टरांना जरूर विचारा. आणि रुग्णाच्या भेटीला जाताना हातात फळे नसली तरी चालेल. हात मात्र धुतलेले असू द्या.