गिरसप्प्याचे पाणी आणि विजेचा हिशेब

पावसाळ्यात जोगच्या प्रेक्षणस्थळी कठड्याला टेकून उभ्या राहणाऱ्या गर्दीत मराठी बोलणेही कानी पडते. गिरसप्प्याचा धबधबा या नावाने मराठी माणसाचा त्याच्याशी जुना परिचय आहे. १९५६ पर्यंत पलीकडचा उत्तर कानडा जिल्हा मुंबई राज्यात होता आणि तिकडच्या तीरावरील विश्रामगृहाला ‘मुंबई बंगला’ हेच नाव चिकटले आहे. राजा, राणी, रोअरर व रॉकेट अशा चार धारांनी शरावती तेथे २५३ मीटर खोल कोसळते. मार्च-एप्रिलमध्ये जाणाऱ्याला मात्र बहुधा काळा कातळ पाहूनच परतावे लागते.

ही ऋतुमर्यादा सर्वस्वी निसर्गाने घातलेली नाही. १९४८ मध्ये येथे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि १९६४ मध्ये वरच्या अंगाला लिंगनमक्कीचे धरण उभे राहिले. तेव्हापासून नदीचे बहुतेक पाणी कालव्याने तळकळले जलाशयात आणि तेथून १०३५ मेगावॅटच्या शरावती केंद्राकडे वळते. त्याबद्दल केवळ गळा काढणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. त्या विजेवर कर्नाटकाचे कारखाने चालले. पण पर्यटकांसाठी पाणी पंपाने पुन्हा वर चढवून धबधबा बारमाही करण्याची जी योजना मध्यंतरी पुढे आली, तिला काय म्हणावे? विजेसाठी धबधबा आटवायचा आणि वीज जाळून तो पुन्हा वाहता करायचा, हा व्यवहार विनोदी आहे.

खरा हिशेब धरणाच्या फुगवट्यात बुडालेल्या गावांचा आहे. साऱ्या राज्याला वीज पुरविणाऱ्या त्या टापूतील लोक सहा दशके लाँचने पाणी ओलांडत होते. सिगंदूरकडे जाणारा पूल जुलै २०२५ मध्ये खुला झाला. वनजमिनीवर वसविलेल्या अनेक विस्थापित कुटुंबांचा जमिनीच्या हक्कपत्रांसाठीचा झगडा तर पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे.

अशा स्थितीत याच खोऱ्यात २००० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प राज्य शासनाने पुढे आणला. तळकळले आणि गेरुसोप्पा हे दोन्ही जलाशय आधीचेच असल्याने बुडीत क्षेत्र अल्प, हा युक्तिवाद खोटा नाही. परंतु बोगदे आणि रस्ते ज्या अरण्यातून जायचे, ते सिंहपुच्छ वानरांचे अभयारण्य आहे. प्रकल्पाच्या मंजुरीइतक्याच तत्परतेने १९६४ च्या विस्थापितांची हक्कपत्रे का निघत नाहीत, याचे उत्तर शासनाने पहिली सुरुंगाची वात पेटण्यापूर्वी त्या गावांत जाऊन द्यावयास हवे.