टॅप तुटला की पैसे कोणाचे जातात?

आमच्या धंद्यात एक गंमत आहे. सगळ्यात चांगली हत्यारं फुकट मिळतात. लिनक्स फुकट, गिट फुकट, ज्या एडिटरमध्ये दिवसाचे आठ-नऊ तास जातात तोही फुकट. उलट कंपनीने लाखो रुपये मोजून घेतलेलं एखादं टूल असं असतं की ते उघडेपर्यंत खाली जाऊन चहा पिऊन येता येतो. त्यामुळे आम्हा आयटीवाल्यांच्या डोक्यात एक समज घट्ट बसलेला असतो... महाग म्हणजे मार्केटिंग!

मग हाच माणूस रविवारी बाईक खोलायला किंवा भिंतीवर शेल्फ ठोकायला बसतो (लॉकडाऊनपासून हे वेड फार वाढलंय, मीही त्यातलाच) आणि ऑनलाइन ४६ नगांचा सॉकेट सेट सहाशे रुपयांत मागवतो. म्हणजे एका नगाला तेरा रुपये. वर चकचकीत डबा. आणि याच मित्रमंडळात दुसऱ्या टोकाचा एक असतो, जो पडद्याच्या रॉडसाठी चार भोकं पाडायची म्हणून जर्मन कंपनीचं सगळ्यात महागडं ड्रिल मशीन घेऊन येतो. या दोघांचा वाद मी अनेकदा ऐकलाय. माझ्या मते दोघंही एकच काम करत असतात, किमतीची चिठ्ठी वाचण्याचं.

सॉफ्टवेअरची दुसरी कॉपी काढायला काही पडत नाही. पान्याची पडते. प्रत्येक पान्यात पुन्हा स्टील घालावं लागतं, ते तापवून त्याला पाणी द्यावं लागतं, घासून मापात आणावं लागतं. आणि स्वस्त करायचं झालं की कात्री इथेच लागते, कारण डोळ्यांना दिसत नाही. वरचं क्रोम दोघांचंही सारखंच चमकतं. फरक कळतो तो गंजलेला नट सोडवताना, जेव्हा पाना जरासा उघडतो आणि नटाचे कोपरे गोल होतात. तेव्हा तेरा रुपयांच्या पान्याचं कोणाला काय! पण तो गोल झालेला नट काढायला आता ग्राइंडर आणावा लागतो.

ड्रिल बिटचं बघा. साध्या कार्बन स्टीलची धार साधारण दोन-अडीचशे अंशांवर मऊ पडते. १९०० च्या सुमारास अमेरिकेत बेथलेहेम स्टीलमध्ये टेलर आणि व्हाइट या दोघांनी उष्णतेच्या प्रक्रियेतून असं स्टील तयार केलं की टोक लाल होईपर्यंत तापलं तरी कापत राहतं. तेच हाय स्पीड स्टील, आपलं एचएसएस. ते पॅरिसच्या प्रदर्शनात दाखवलं तेव्हा बघणारे थक्क झाले होते. (हा टेलर म्हणजे तोच, स्टॉपवॉच घेऊन कामगारांच्या मागे उभा राहणारा, मॅनेजमेंटच्या पुस्तकातला. टाइमशीट भरताना त्याची आठवण काढावी.) हे एचएसएस सुमारे ६०० अंशांपर्यंत दम धरतं, पण त्यात टंगस्टन, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम असली महाग मंडळी लागतात. बाजारात सोनेरी रंगाच्या बिटांचे संच मिळतात ते पाहिलेत ना? टायटेनियम नायट्राइडचा खरा थर चांगलाच कडक असतो, पण तो काही मायक्रॉनचा. खाली मऊ स्टील असेल तर वरचा सोनेरी मुलामा काय करणार! लाकडात ते बिट मजेत चालतं. पोलादी पट्टीवर लावलं की दोन मिनिटांत निळं पडतं.

माझा मामा वाळूजला एका छोट्या जॉब शॉपमध्ये सुपरवायझर आहे. त्याला मी एकदा हाच प्रश्न विचारला, की खरंच फरक पडतो का. तो म्हणाला, "अरे, टॅप तुटला की टॅपचे पैसे जात नाहीत. जॉबचे जातात." टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार. एम-आठचे आटे हवे असतील तर आधी ६.८ मिलिमीटरचं भोक पाडतात आणि त्यात टॅप फिरवतात. हे काम बहुतेक वेळा शेवटी येतं. म्हणजे कास्टिंग आलं, मिलिंग झालं, बोअरिंग झालं, दोन तास मशीन चाललं, आणि शेवटच्या भोकात टॅप कट्‌कन मोडला. मोडका तुकडा इतका कडक की ड्रिलने निघत नाही. मग स्पार्क इरोजनवाल्याकडे पाठवा, नाहीतर जॉब भंगारात. बरं, दोष टॅपचाच असतो असंही नाही. बिटाची एक धार दुसरीपेक्षा लांब घासली गेली असेल तर भोक मोठं पडतं आणि आटे उथळ येतात. तो जॉब तर तुटतही नाही, तसाच पुढे जातो. मला विचाराल तर हे जास्त वाईट.

गंमत म्हणजे टोटेम नावाचे टॅप आमच्या वाळूजच्याच एमआयडीसीत बनत आलेत. चांगलं हत्यार साता समुद्रापलीकडूनच यायला पाहिजे असं काही नाही. तापरियाचंच घ्या. १९६९ साली स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने सुरुवात, कारखाना आपल्या नाशिकला, आणि किंमत अशी की गल्लीतल्या मेकॅनिकलाही झेपते. महाग आणि स्वस्त यांच्या मधला हा जो पट्टा आहे ना, त्यावर कोणी वाद घालत नाही, कारण त्यात मिरवण्यासारखं काही नाही.

कटिंग टूलचे सेल्समन मात्र एक आकडा नेहमी तोंडावर फेकतात. एका पार्टच्या खर्चात टूलचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास, तेव्हा टूलवर काटकसर करून काय मिळणार? हिशेब चुकीचा नाही. पण तो महाग टूल विकणाऱ्याचा हिशेब आहे हेही लक्षात ठेवावं. मशीन तासाला हजार रुपयांचं असेल तर तो लागू पडतो. रविवारी एक स्टूल बनवणाऱ्याला अजिबात नाही.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच ठिकाणी. हत्यार विकत घेणारा आणि हातात धरणारा हे दोन वेगळे लोक असतात. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेरे घेतो. गुणाकार करा, चकतीची कड ताशी २०० किलोमीटरच्या पुढे धावत असते. समृद्धी महामार्गावरची मर्यादा १२० आहे! ही चकती म्हणजे रेझिनमध्ये बांधलेले खडे आणि आत काचेच्या धाग्यांची जाळी. चांगल्या चकतीवर कमाल वेग छापलेला असतो, मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीची तारीखही असते. बिननावाच्या चकतीवर काय छापलंय आणि आत काय आहे याचा संबंध असेलच असं नाही. ती फुटली की समोर असतो रोजंदारीवरचा पोरगा, बऱ्याचदा गार्ड काढून टाकलेला, चष्म्याच्या नावाने बोंब. चकतीमागे वीस रुपये ज्याचे वाचले तो त्या वेळी एसी केबिनमध्ये असतो. मी एका वर्कशॉपमध्ये हे डोळ्यांनी पाहिलंय. चकती फुटली, तुकडा पत्र्याच्या भिंतीत घुसला. नशीब एवढंच की मध्ये कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच दुकानातून त्याच चकत्यांचा डबा आला. इथे मला महाग-स्वस्त हा चर्चेचा विषयच वाटत नाही.

आता दुसरी बाजू. रस्त्याकडेला पाल टाकून बसलेला घिसाडी पाहा. तो ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून कोयता किंवा विळा घडवतो. स्प्रिंगचं स्टील ते, मॉलमधल्या कित्येक देखण्या सुऱ्यांपेक्षा सरस. तुमच्यासमोर तापवतो, तुमच्यासमोर पाणी देतो, आणि किंमत किरकोळ. इथे स्वस्त आणि हलकं हे एक नाहीत. आणि आपल्याकडे तर वेरूळचं कैलास लेणं आहे. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, वरून खाली खोदत आणलेलं. ते बेसॉल्ट साध्या लोखंडी टाकीने फोडलंय. टाकी बोथट होणारच, मग भट्टीत घालायची, ठोकायची, पुन्हा धार. हत्याराची सगळी कसर लोहाराने आणि वेळेने भरून काढली. आपल्याकडे ना तो लोहार, ना तो वेळ. धार लावता येत असेल त्याने खुशाल स्वस्त पटाशी घ्यावी. येत नसेल तर महागडी पटाशीही महिन्याभरात स्क्रू ड्रायव्हर होते :)

आमच्याकडे फर्निचर करायला आलेल्या सुतारकाकांची पिशवी मी जरा निरखून पाहिली होती. हातोडा जुना, दांडा स्वतः बसवलेला. मोजपट्टी साधीच, कडा झिजलेली. कटर मशीनही काही खास नाही. पण त्या कटरचं पातं मात्र कार्बाइडच्या दातांचं, चांगल्या कंपनीचं, कापडात गुंडाळून ठेवलेलं. प्लायवूडमधला डिंक साधी धार फार लवकर खातो, म्हणाले. मशीन साधं आणि पातं उत्तम. आम्ही नेमकं उलटं करतो, दहा हजारांच्या मशीनला दहा रुपयांचं बिट. जे लाकडाला किंवा लोखंडाला टेकतं तिथे पैसे घालावेत, आणि जे फुटल्यावर डोळ्यात जाऊ शकतं तिथे. बाकी हातोडा, डबा, स्टँड, काहीही चालतं.

सध्या मी एक शेगडा शोधतोय, चार इंची, ओतीव लोखंडाचा. नवा परवडतो, पण स्वस्तातल्या नव्याचे जबडे घट्ट केले की एका बाजूला तिरपे होतात. म्हणून रविवारी जाफर गेटच्या बाजारात फिरतोय. जाताना खिशात कागदाच्या दोन पट्ट्या ठेवतो. जबड्याच्या दोन्ही टोकांना एकेक पट्टी धरायची, शेगडा हलका आवळायचा आणि दोन्ही ओढून बघायच्या. एक निघाली आणि एक अडकली तर पुढच्या पथारीकडे वळायचं. आतापर्यंत तीन पाहिले. तिसऱ्याच्या दोन्ही पट्ट्या अडकल्या, पण स्क्रूचे आटे संपलेले होते, आणि विकणारा म्हणत होता, "घेऊन जा साहेब, जर्मन आहे."