अवर्षण, अतिवृष्टी आणि परभणीची पेरणी

सन २०२३ च्या ऑगस्टात आभाळाने पाठ फिरविली. १९०१ पासूनच्या नोंदींत देशाने इतका कोरडा ऑगस्ट पाहिला नव्हता. पुढील वर्षी सप्टेंबर उजाडताच परभणी जिल्ह्यातील शिवारे जलमय झाली, आणि २०२५ च्या सप्टेंबरात गोदावरीने काठची उभी पिके पोटात घेतली. अवघ्या तीन हंगामांत एकाच जमिनीने तहान आणि पूर दोन्ही पाहिले. याला निसर्गाची लहर म्हणून सोडून देता येणार नाही. हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते, आणि पाऊस लांबला तरी कोसळतो तेव्हा एकदम कोसळतो.

अशा वेळी ‘आता उपाय नाही’ म्हणणारा सुज्ञ ठरतो आणि ‘सर्व ठीक होईल’ म्हणणारा लोकप्रिय. आम्हांस दोन्ही पंथ मान्य नाहीत. परभणीकरांस तर ते मुळीच मान्य नसावेत. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आपण हसत हसत सांगतो. पण गंभीरपणे अभिमान वाटावा असे येथे काही असेल तर ते १९७२ च्या दुष्काळी साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ होय. योगायोग असा की त्याच साली हैदराबादनजीक पाटनचेरू येथे ‘इक्रिसॅट’ ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था उभी राहिली आणि काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरीची पद्धत तिने पुढे आणली. परभणीच्या विद्यापीठाने हीच पद्धत सोयाबीनसाठी शिफारस केली आहे.

तिचे मर्म साधे आहे. काळी चिकण जमीन भिजली की फुगते आणि मुळांचा श्वास कोंडते. सुकली की भेगाळते. रुंद वरंब्यावर पिकाच्या ओळी व दोन्ही अंगांस सरी ठेवली, तर उघडिपीत वरंब्यात ओल टिकते आणि मुसळधार पावसात जादा पाणी सरीने वाट काढते. एकच साधन दोन विरुद्ध संकटांवर लागू पडावे, ही काही लहान गोष्ट नव्हे. त्याला सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळींची जोड दिली, तर एक पीक हातचे गेले तरी दुसऱ्याची आशा उरते.

मग हे सर्व शिवारांत का दिसत नाही? शेतकरी अडाणी आहे म्हणून, असे म्हणणाऱ्यांनी एकदा पेरणीच्या दिवसांत खेड्यात जाऊन यावे. वाफसा चार-पाच दिवसांचा, यंत्र एक, मागणारे पन्नास, ट्रॅक्टर भाड्याचा. तीन एकरांच्या धन्यास सरीत गेलेली जागाही डोळ्यांत खुपते. २०१८ पासूनच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने जागतिक बँकेच्या साह्याने अवजारांस अनुदान दिले, हे योग्यच झाले. पण अनुदान मिळणे आणि नेमक्या दिवशी यंत्र बांधावर येणे, यांत पुष्कळ अंतर आहे.

नदीच शेतात चार दिवस मुक्कामास आली तर कोणताही वरंबा पीक वाचवू शकत नाही, हे आम्ही जाणतो. त्यासाठी मदत व विमा हवाच. २०२५ च्या खरिपात एक रुपयाचा पीकविमा बंद होऊन भरपाई केवळ पीक-कापणी प्रयोगांवर आली, आणि त्याच हंगामात महापूर आला! त्यानंतर सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. ती आवश्यकच होती. परंतु बुडाल्यावर इतके देऊ शकणाऱ्या राज्यास पेरणीपूर्वी त्याचा अल्पसा अंश खर्चणे जड जाऊ नये.

गावात यंत्रे किती, वाफशाच्या दिवसांत ती किती एकर उरकतील आणि अल्पभूधारकाचे भाडे कोण भरणार, हा हिशेब जिल्हा प्रशासनाने पुढील मृगापूर्वी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. विद्यापीठातून दर मंगळवारी व शुक्रवारी निघणारा हवामान सल्लाही त्याच फलकावर, त्याच दिवशी लागावा.