भिंत निवडण्याआधी खाटेची जागा

घोडनदीकाठचे शिरूर असो वा भीमेकाठचे दौंड, जुन्या माळवदी घरांच्या जाड मातीच्या भिंती उन्हाळ्यात गारवा राखीत. आता थर्माकोलचा गाभा असलेल्या काँक्रीट पॅनेलविषयी आपण विचारता, तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो : वडीलधाऱ्यांची खाट कोठे असेल? वार्धक्यात तहान मंदावते, घाम कमी येतो. त्यात रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर उकाडा अधिकच बाधतो. (ती स्वतःहून बंद मात्र करू नये.) दिवसभर तापलेली पश्चिमेची भिंत रात्री उशिरापर्यंत धग सोडते, तेथे पॅनेल किंवा एएसी ब्लॉक जरूर वापरा. थर्माकोल जळतो, म्हणून दोन्ही अंगांनी सिमेंटचा पुरेसा थर हवा. परंतु वर उघडा पत्राच असेल तर भिंतीवरचा खर्च बराचसा व्यर्थ! आधी छपराला उष्णतारोधक थर द्या, आणि खाटेच्या खोलीत समोरासमोर खिडक्या ठेवा.