पोराची गाडी आणि चळवळीचा फोन

"वकीलसाहेब, पोरगं आपल्या समाजाचं हाय, पोलीस ठाण्यात तेवढा एक फोन करा!" सांगली, मिरज, साताऱ्याहून असे फोन मला नेहमी येतात. पोरगं सोळा वर्षांचं, गाडी बापाच्या नावावर, हप्ते आईच्या मजुरीतून. पूर्वी मी चळवळीच्या नावाने तो फोन करीतही असे. आता करीत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९ अ आले. अल्पवयीनाने गाडीवर गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड. आपल्याला ठाऊक नव्हते हे पालकानेच सिद्ध करायचे. १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात दोन तरुण अभियंते मेले. मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून आई-बाप दोघांनाही अटक झाली. त्या धनदांडग्या बापावर आपण तुटून पडलो, ते योग्यच. पण त्याच्याकडे पैसा आणि आपल्याकडे चळवळीचे नाव, एवढाच फरक नव्हे काय?

साताऱ्यातला लहानगा भीमही हूडच होता. मुंबईच्या गिरणीत कामाला पळून जाण्यासाठी त्याने लाड करणाऱ्या आत्याच्या बटव्याला हात घातला. मिळाला अर्धा आणा. सुभेदार रामजीही मुलाचा हट्ट पुरवत. लेकीचे दागिने गहाण टाकत, पण पुस्तकासाठी.

परवा एका आईला म्हटले, "ताई, आधी दवाखान्यात त्या जखमी म्हाताऱ्याला भेटून या, मग कागद बघू."

ती अजून आलेली नाही.