फट् म्हणता अ‍ॅम्पहत्या!

घरी व्हॉल्व्ह अ‍ॅम्प बनवणाऱ्याच्या आयुष्यात दोन क्षण एकदम सॉलिड असतात. पहिला, अंधाऱ्या खोलीत पहिल्यांदा ते नारिंगी तंतू पेटतात तो. दुसरा त्यानंतर साधारण वीस मिनिटांनी येतो. गाणं मस्त रंगात आलेलं असतं आणि डाव्या स्पीकरमधून आवाज येतो, 'फट्!' मग शांतता. तुम्ही कान टवकारून बसता. काही नाही. चहा आणायला उठलात की पुन्हा 'फट्, फट्!'

सतत येणारा आवाज परवडला, बॉस. तो जागेवर सापडतो. अधूनमधून येणारा 'फट्' म्हणजे ऑफिसमधल्या त्या प्रिंटरसारखा. आयटीवाला येऊन उभा राहिला की निमूट चालणार, त्याची पाठ वळली की पुन्हा कागद अडकवणार.

माझ्या एका मित्राचा नुकताच हाच लोच्या झाला. ऐरोलीत नोकरी, ठाण्यात फ्लॅट, आणि चार महिन्यांचे वीकेंड खर्ची घालून बनवलेला स्टिरिओ अ‍ॅम्प. प्रत्येक चॅनलला एक ईसीसी ८३ आणि एक ईएल ८४, म्हणजे एकूण चार व्हॉल्व्ह. आत साधारण ३०० व्होल्टचा सप्लाय. 'फट्'ला तो इतका वैतागला होता की सगळे कंडेन्सर, सगळे रेझिस्टन्स आणि चारही व्हॉल्व्ह बदलायची यादी करून लॅमिंग्टन रोडला निघाला होता.

"अरे, सगळंच एकदम बदललंस तर बिघडलं काय होतं ते कळणार कसं?"

"कळून काय करायचंय? आवाज गेला पाहिजे, बस."

मुद्दा बिनतोड वाटतो, पण नाहीये. सगळे पार्ट बदलायचे म्हणजे पन्नासेक नवे सोल्डरचे जोड, आणि त्यातला प्रत्येक जोड हा नवा संशयित. शिवाय सगळे 'फट्' सारखे नसतात. काही निव्वळ कटकट असतात. काही मात्र पुढच्या मोठ्या खर्चाची नोटीस असतात.

त्या नोटिशीबद्दल आधी. पहिल्या व्हॉल्व्हकडून आउटपुट व्हॉल्व्हकडे गाणं पोचवणारा एक कपलिंग कंडेन्सर असतो. गाणं पुढे सोडायचं आणि डीसी व्होल्टेज अडवायचं, एवढंच त्याचं काम. तो गळायला लागला की ईएल ८४ च्या ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं आणि व्हॉल्व्ह नको इतका करंट ओढतो. या व्हॉल्व्हच्या अ‍ॅनोडची सहनशक्ती १२ वॅट. त्यापलीकडे आतला करडा पत्रा लाल दिसायला लागतो. तंतूची नारिंगी झळाळी वेगळी, ती हवीच. पत्रा लाल झाला तर मात्र कुठलाही विचार न करता स्विच बंद. कारण व्हॉल्व्हपाठोपाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो, आणि सबंध अ‍ॅम्पमध्ये खिशाला सर्वांत जास्त झोंबणारा पार्ट तोच असतो. इथे खरोखरच फट् म्हणता ब्रह्महत्या होते.

आता थोडं सीरियस. तीनशे व्होल्ट डीसी जीव घेऊ शकतो, आणि अ‍ॅम्प बंद केल्यावरही तो फिल्टर कंडेन्सरमध्ये दबा धरून बसलेला असतो. म्हणून प्लग भिंतीतून काढायचा, नुसता स्विच बंद करून भागणार नाही. मग १० किलोओहमचा, १० वॅटचा एक रेझिस्टन्स घ्यायचा. त्याच्या दोन्ही टोकांना इन्सुलेटेड क्रोकोडाइल क्लिप लावून ठेवायच्या. एक चॅसिसला, दुसरी कंडेन्सरच्या प्लसला, दहा-पंधरा सेकंद. त्यानंतर मीटर लावून व्होल्टेज शून्याजवळ आल्याची खात्री करायची, मगच हात आत. स्क्रू ड्रायव्हरने थेट शॉर्ट करून ठिणगी उडवायची हिरोगिरी नको. चालू अ‍ॅम्पमध्ये काही तपासायचं तर एकच हात वापरा, दुसरा खिशात. पायात रबरी चपला. आणि घरात दुसरं कुणीतरी जागं असू दे. रात्री दीडला एकट्याने हे उद्योग करायचे नाहीत. स्पीकर न जोडता अ‍ॅम्प चालू करणंही टाळा, आउटपुट ट्रान्सफॉर्मरला ते सोसत नाही. टेस्टिंगपुरता एखादा जुना, गेला तरी चालेल असा स्पीकर लावा.

एक पोटसूचना. जुन्या एसी-डीसी रेडिओचा सांगाडा घेऊन त्यावर प्रयोग करणारे बरेच जण आहेत. त्या रेडिओचं चॅसिस थेट मेन्सला जोडलेलं असतं. त्याला हात लावण्याआधी जाणकाराला दाखवा, नाहीतर सोडून द्या.

बरं, तर ठाण्याकडे. खरेदीची यादी बाजूला ठेवून मी मित्राला एक्सेल उघडायला लावलं. (ऑफिसमध्ये दिवसभर तेच करतो, घरी का नको?) कॉलम असे: वेळ, अ‍ॅम्प चालू होऊन किती मिनिटं झाली, डावा की उजवा, व्हॉल्यूम किती, आवाज कसा आणि त्या क्षणी घरात काय चालू-बंद झालं. आठवडाभर रोज संध्याकाळी दोन तास. शेवटचा कॉलम बघून तो हसला होता. पुढे तोच कामाला आला.

आठवड्याने शीट बघितली तर गंमत कळली. आवाज एक नव्हताच, दोन होते! एक फक्त डावीकडे, वीस-पंचवीस मिनिटं झाल्यावर, फोडणीत मोहरी तडतडावी तसा. दुसरा दोन्ही स्पीकरमधून, कधीही, एकदाच, कोरडा 'टक्'. दोघांना एकच समजून तो महिनाभर डोकं फोडत होता.

मोहरीवाला आधी घेतला. पहिली टेस्ट फुकटातली. व्हॉल्यूम पूर्ण शून्य करा. तडतड थांबली तर दोष व्हॉल्यूमच्या आधी, म्हणजे प्लेअर, केबल, सॉकेट किंवा खुद्द पॉटमध्ये. नॉब फिरवतानाच खरखर येत असेल तर पॉट मळलाय किंवा त्याच्यावर डीसी पोचतंय. मित्राच्या अ‍ॅम्पमध्ये व्हॉल्यूम शून्यावर असतानाही तडतड तेवढीच, म्हणजे दोष पॉटच्या पुढे.

दुसरी टेस्ट अदलाबदलीची. अ‍ॅम्प बंद करून, गार होऊ देऊन डावा-उजवा ईएल ८४ एकमेकांच्या जागी लावले. आवाज उजवीकडे गेला असता तर व्हॉल्व्ह दोषी. नाही गेला. मग ईसीसी ८३ ची जोडी बदलली. आवाज डावीकडेच ठाण मांडून. दोन्ही वेळी वीस-पंचवीस मिनिटं वाट बघायची, कारण गरम झाल्याशिवाय गडी बोलत नव्हता. या टेस्टला पेशन्स लागतो, पैसे नाही. नवे व्हॉल्व्ह हल्ली स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून येतात आणि स्वस्त नसतात. आपल्या बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही एके काळी व्हॉल्व्ह बनवले, पण आता ते जुन्या स्टॉकमधलेच. तेव्हा संशयावरून व्हॉल्व्ह विकत घ्यायचे नाहीत. आधी अदलाबदल.

व्हॉल्व्ह काढलेच होते म्हणून त्यांच्या बेसची सफाई उरकली. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दातांच्या फटीत घालायचा तो बारीक ब्रश. समुद्राजवळच्या दमट हवेत बेसच्या पिना काळ्या पडतात, आणि 'फट्'च्या निम्म्या केसेस इथेच मिटतात असं माझं मत आहे. ही केस मात्र मिटली नाही.

तिसरी टेस्ट जास्त महत्त्वाची. डावा ईसीसी ८३ काढून ठेवला, बाकी अ‍ॅम्प तसाच चालू केला. (हे चालतं, कारण या अ‍ॅम्पमध्ये सगळ्या व्हॉल्व्हचे हीटर ६.३ व्होल्टवर पॅरलल आहेत. सीरिजमध्ये असतील तर एक काढला की सगळेच विझतात.) व्हॉल्व्ह नसताना कपलिंग कंडेन्सरवर जवळजवळ पूर्ण सप्लाय येतो. मित्राने ६३० व्होल्टचे लावले होते, म्हणून बिनधास्त. चाळीस मिनिटं झाली. डावीकडे शांतता!

आता विचार करा. कंडेन्सर गळत असता तर वाढीव व्होल्टेजवर त्याने जास्तच गोंधळ घातला असता. तरी ईएल ८४ च्या ग्रिडवर मीटर लावून बघितलं, शून्य. कंडेन्सर सुटला. आउटपुट व्हॉल्व्ह आणि त्याच्यापुढचं सगळंही सुटलं. उरलं ते फक्त ईसीसी ८३ मधून करंट वाहतो तेव्हाच बोलणारं काहीतरी. म्हणजे त्याच्या भोवतीचे चार-पाच पार्ट आणि त्यांचे जोड. पन्नास संशयितांवरून पाचावर आलो, आणि खिशातून अजून एक रुपया गेला नव्हता.

मग अस्सल हत्यार बाहेर काढलं, चायनीज पार्सलबरोबर येते ती लाकडी चॉपस्टिक. एकदम सुकी हवी. अ‍ॅम्प उलटा करून नीट टेकवला, चालू केला, गरम होऊ दिला आणि एक हात खिशात ठेवून एकेका पार्टला हलकीशी टिचकी. जोड ड्राय सोल्डर असेल तर टिचकीबरोबर स्पीकर ओरडतो. डाव्या ईसीसी ८३ च्या अ‍ॅनोडचे दोन रेझिस्टन्स होते, १०० किलोओहमचे. पहिला गप्प. दुसऱ्याला टिचकी मारली आणि मोहरी तडतडली. परत मारली, परत तडतडली. शेजारच्या जोडांवर मारली तर काही नाही.

"हे तर मी मुद्दाम लावलेत," मित्र म्हणाला. "जुन्या रेडिओतले, ओरिजिनल कार्बन. व्हिंटेज साउंडसाठी!"

हा व्हिंटेजचा फंडा बऱ्याच जणांना भोवतो. जुने कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टन्स म्हणजे कार्बनची पूड आणि चिकटवणारा पदार्थ यांची दाबून केलेली कांडी. करंट त्या कणांतून वाट काढत जातो, आणि कांडीवर व्होल्टेज जास्त असेल तर आवाजही जास्त. त्यात वर्षानुवर्षं ओल शिरलेली, किंमत वर सरकलेली. बाहेर काढून मीटरवर बघितला तर ११८ किलोओहम. तरीही गार असताना मीटरवर आकडा अगदी स्थिर! कारण साधं आहे. मीटर दोन-चार व्होल्टनेच मोजतो, आणि अ‍ॅम्पमध्ये त्याच पार्टवर शंभरेक व्होल्ट आणि वर उष्णता असते. म्हणून 'मीटरवर ओके आहे' या सर्टिफिकेटवर अधूनमधून येणाऱ्या दोषात विश्वास ठेवायचा नाही.

त्या जागी १०० किलोओहमचा, १ वॅटचा मेटल फिल्म लावला. खरं तर तिथे १०० व्होल्ट आणि १ मिलिअँपिअर, म्हणजे जेमतेम ०.१ वॅट. पण मोठ्या आकाराचा पार्ट व्होल्टेज जास्त सोसतो आणि गार राहतो. किंमत वडापावपेक्षा कमी. चारही अ‍ॅनोड रेझिस्टन्स बदलून टाकले, कारण बाकीचे तीनही त्याच रेडिओतून आलेले भाऊबंद होते. व्हिंटेज साउंड गेला का? मला फरक ऐकू आला नाही. मित्राला येतो म्हणे. असो.

राहिला कोरडा 'टक्'. त्याचं उत्तर एक्सेलच्या शेवटच्या कॉलममध्ये होतं. अकरा नोंदींपैकी नऊंच्या पुढे लिहिलं होतं, 'फ्रिज'. थर्मोस्टॅटने कॉम्प्रेसर चालू-बंद केला की कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते आणि तिचा धक्का घराच्या वायरिंगमधून फिरतो. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटनेही असंच होतं. त्याचा अ‍ॅम्प आणि फ्रिज एकाच भिंतीच्या एकाच लाइनवर होते. अ‍ॅम्प हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या सॉकेटवर हलवला. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलं. अ‍ॅम्पच्या आत मेन्सच्या दोन वायरींमध्ये, फ्यूजच्या नंतर, ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-टू कंडेन्सर लावला. हा एक्स-टूच हवा, त्यावर २७५ व्होल्ट एसी छापलेलं असतं. मेन्सवर साधा कंडेन्सर लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. 'टक्' अगदी शून्यावर नाही आला, पण आता कान लावून बसलं तरच कळतो.

दुरुस्ती झाली म्हणून तळाचा पत्रा लगेच आवळू नका. पत्रा लागला की आतली उष्णता वाढते, आणि लपलेला दुसरा दोष तेव्हाच तोंड वर काढतो. मित्राने चारांपैकी दोनच स्क्रू लावून सलग दोन संध्याकाळी तीन-तीन तास अ‍ॅम्प चालवला. एक्सेल उघडी ठेवून. डाव्या चॅनलच्या रकान्यात काही पडलं नाही. तिसऱ्या दिवशी उरलेले दोन स्क्रू लागले.