बाळंतपणाची शिकवणी वस्तीत हवी

पहिलटकरीण मुलगी लेबर रूममध्ये येते तेव्हा बाळंतपणाबद्दल तिला काय माहीत असतं? शेजारणीने सांगितलेलं, मालिकेत पाहिलेलं, आणि आईने “वेळ आली की कळेल” म्हणून अर्ध्यावर सोडलेलं. परिचारिका म्हणून मी हे वर्षानुवर्षे पाहिलं. बारावी शिकलेल्या मुलीलाही गर्भपिशवीला तोंड असतं आणि ते कळांनी हळूहळू उघडतं, एवढंसुद्धा कुणी सांगितलेलं नसतं. मग प्रत्येक कळेला तिला वाटतं, आता आपण मरतो. अंग आखडतं, श्वास रोखला जातो, आणि जोर लावायची खरी वेळ येते तेव्हा ती थकलेली असते.

शहरात यासाठी क्लास आहेत, पण त्यांची फी आपल्याला परवडणारी नाही. त्यातले काही चांगले असतात. काहींत गर्भसंस्काराच्या नावाखाली मंत्र ऐकवतात, हुशार बाळाची हमी देतात. कळा सोसायला त्याचा काय उपयोग? आपल्याही घरांतून हल्ली मोबाईलवर असले व्हिडिओ चालतात, म्हणून बोलले.

खऱ्या शिकवणीचा पहिला उपयोग म्हणजे दवाखान्यात कधी जायचं ते कळतं. चालल्यावर किंवा पडून राहिल्यावर थांबतात त्या खोट्या कळा. खऱ्या कळा वाढत जातात, त्यांच्यातलं अंतर कमी होत जातं. पहिल्या खेपेला सुरुवातीलाच घाईने गेलं की “दोन बोटंच उघडलंय” म्हणून परत पाठवतात, नाहीतर भरती करून कळांचं सलाईन लावण्याची घाई होते. पण दुसरी-तिसरी खेप असेल किंवा दवाखाना लांब असेल तर वाट पाहू नये. आणि अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, बाळाची हालचाल कमी झाली, तर कळा असोत नसोत, लगेच निघायचं. हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं, कारण १०८ ला फोन बहुतेक वेळा दुसरंच कुणी लावतं.

दुसरा उपयोग सोबतीचा. जिच्याजवळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत धीर देणारी बाई असते तिची प्रसूती थोडी लवकर होते आणि सिझरची वेळ कमी येते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसलं आहे. सरकारी दवाखान्यातही सोबतीण ठेवू द्यावी असं केंद्र सरकारचं धोरण आहे. तरी “बाहेर थांबा” ऐकलं की आपण निमूट बाहेर थांबतो. धोरण माहीत असेल तर निदान विचारता येतं. सोबतीणीलाही शिकवायला हवं: कंबर कशी चोळायची, कळ ओसरेपर्यंत लांब श्वास कसा सोडायला लावायचा, तोंड पूर्ण उघडल्याशिवाय “जोर लाव, जोर लाव” का म्हणायचं नाही.

शिकवणी घेतली की सिझर टळतंच, असं मी म्हणणार नाही. बाळाचे ठोके घसरले, वार तोंडावर आली, तर सिझरनेच दोघांचा जीव वाचतो. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांत शंभरातली सुमारे ४७ बाळंतपणं सिझरने झालेली आढळली, सरकारीत सुमारे १४. एवढा फरक नुसत्या आजारपणाचा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ साली विनाकारण सिझर कमी करण्यासाठी गरोदर बाईला प्रसूतीचं शिक्षण द्या, असं सुचवलं आहे. कारण विचारणारी बाई आणि नुसता अंगठा उमटवणारी बाई, यांच्याशी दवाखाना सारखा वागत नाही. वस्तीचं नाव ऐकून आवाज चढवणाऱ्यांपुढे तर हे विचारणं जास्तच लागतं. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त आणि ने-आण मोफत, हा हक्क २०११ पासून आहे. तोही शिकवणीतच सांगायचा.

खर्च काय यायचा याला? रविवारी वंदना झाली की विहारात महिला मंडळाने एक तास राखावा. आशाताईला बोलवावं, वस्तीतली एखादी सिस्टर असेल तर तिला. सातव्या महिन्यापासूनच्या मुलींनी सोबतीणीसह, माता-बाल कार्ड घेऊन यावं. नवरेही येऊ द्यात. लाजतात, पण फॉर्मवर सही करायला पुढे तेच असतात.